आजार नसलेल्यांचे मेंदू

सकाळी पावणेसात

नोव्हेंबरात कार्डिफला या वेळी अजून उजाडलेलं नसतं. रोथहून सायकल काढायची, कॅथेजमधली विद्यार्थ्यांची वस्ती ओलांडायची आणि मेंडी रोडला लागायचं. पाऊस बहुतेक असतोच, दिसत नाही पण बाह्या भिजवतो. वाटभर मनात एकच असतं, नऊला यायचं कबूल केलेला माणूस येईल ना. एमआरआय स्कॅनरचा एकेक तास आधीपासून ठरलेला असतो आणि तो महाग असतो. माणूस आला नाही तर तो तास गेलाच.

मी स्किझोफ्रेनियावर काम करते, पण माझ्या स्कॅनरमध्ये झोपणाऱ्या एकालाही स्किझोफ्रेनिया नाही. सोलापूरला घरी हे सांगितलं की आधी सगळे गप्प होतात आणि मग कोणीतरी विचारतं, "मग आजार कळणार कसा?" प्रश्न रास्त आहे. माझा सगळा दिवस त्याच्याच उत्तरामागे जातो.

साडेसात

माणसाच्या आधी फँटमची पाळी. फँटम म्हणजे द्रव भरलेला एक बंद गोळा. तो रोज सकाळी स्कॅनरमध्ये ठेवायचा, रोज तेच स्कॅन करायचं आणि कालच्या आकड्यांशी ताडून बघायचं. आम्ही शोधतो तो फरक इतका बारीक असतो की यंत्राचाच सूर थोडा सरकला तर तो मेंदूचा फरक वाटू शकतो. आज आकडे ठीक आहेत. वहीत नोंद करून सही केली.

नऊ

आला. पंचविशीचा मुलगा, ओल्या जॅकेटमध्ये, हातात कॉफीचा कप. कॉफी पाहून मी लगेच नोंद केली, कारण कॅफिननं मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आम्ही जे मोजतो ते रक्ताच्या प्रवाहावरच अवलंबून असतं. रात्रपाळी होती का, किती तास झोप झाली, सिगारेट ओढतो का, हेही विचारून घेतलं.

मग धातूची प्रश्नावली. तीन टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पन्नास-साठ हजार पट तीव्र असतं आणि ते कधीच बंद होत नाही. पेसमेकर, क्लिप, टाके, टॅटू, केसांतल्या पिना, सगळं विचारायचं. एक प्रश्न साऊथ वेल्समध्ये नुसता रिवाज म्हणून विचारून चालत नाही : कधी वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग केलंय का? डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण वर्षानुवर्षं तिथेच बसून असतो आणि चुंबकाजवळ हलू शकतो. पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्यावर इथल्या पिढ्या जगल्या. तो आता टाटांचा आहे आणि तिथली शेवटची झोतभट्टी २०२४ च्या सप्टेंबरात बंद झाली. पण त्या भागात ज्याच्या घरात, गॅरेजात ग्राइंडर नाही असा माणूस विरळा. हा मुलगा म्हणाला, "मी नाही, माझे वडील करायचे." तरी मी दोनदा विचारलं.

संमतीपत्र वाचताना तो एका ओळीवर थांबला. त्याची लाळ आधीच तपासलेली आहे आणि तिच्यावरून स्किझोफ्रेनियाच्या जनुकीय धोक्याचा एक गुणांक काढलेला आहे. गुणांक जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या, अशा दोन टोकांच्या लोकांना आम्ही बोलावतो. त्यानं विचारलं, "मी कुठल्या टोकाचा?"

मला माहीत नाही. हे मी टाळाटाळ म्हणून सांगितलं नाही, मला खरोखरच माहीत नसतं. यादी एका सहकाऱ्याकडे कुलपात आहे. काम संपेपर्यंत ती मला बघता येणार नाही आणि भाग घेणाऱ्यांना तर कधीच सांगायची नाही. मला कळलं तर माझ्या बोलण्यात, सूचना देण्याच्या सुरात फरक पडेल. त्याला कळलं तर तो आकडा आयुष्यभर त्याच्या मागे लागेल आणि त्या आकड्याची तेवढी लायकी नाही. हे मी त्याला सविस्तर सांगितलं. त्यानं दोन मिनिटं विचार केला आणि सही केली. सहीआधीची ती दोन मिनिटं मी कधीही घाईत आटपत नाही.

पावणेदहा

आधी लॅपटॉपवर सराव. पडद्यावर पतंगाच्या आकारात चार जागा असतात आणि एकेका जागी एक ते चारमधला आकडा उमटतो. सोप्या भागात समोर दिसतो त्याच आकड्याचं बटण दाबायचं. अवघड भागात दोन पावलं मागे दिसलेल्या आकड्याचं बटण दाबायचं, आणि तेवढ्यात नवा आकडा येऊन उभा राहतो तोही ध्यानात ठेवायचा. याला एन-बॅक म्हणतात. वाचायला सोपं वाटतं. करून बघा, दहाव्या आकड्याला घाम फुटतो. फोन नंबर मनात धरून जिना उतरताना कोणी हाक मारली तर जी स्मृती विस्कटते, ती ही कार्यरत स्मृती.

मग तो आडवा झाला. कानांत बोळे, वरून हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजच्या उशा, चेहऱ्यावर कॉईलचा पिंजरा आणि त्यावर तिरका आरसा, म्हणजे पायाकडचा पडदा दिसावा. उजव्या हातात बटणं आणि डाव्या हातात रबरी फुगा. घाबरलास तर दाब, लगेच बाहेर काढते, असं सांगून एकदा दाबून बघायला लावलं. हा फुगा हातात आला की बहुतेकांचे खांदे सैल होतात.

लोकांना वाटतं की मी काचेपलीकडे बसून पडद्यावर मेंदू पेटताना बघते. तसं काहीही दिसत नाही. दर दोन सेकंदांनी मेंदूची राखाडी रंगाची चित्रं येत राहतात आणि सगळी सारखीच वाटतात. चेतापेशी कामाला लागल्या की त्या जागी प्राणवायूनं भरलेलं रक्त गरजेपेक्षा जास्त येतं, पाच-सहा सेकंदांनी त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो, आणि त्यामुळे स्कॅनर टिपतो त्या संदेशात फार तर एखाद-दोन टक्क्यांचा चढ होतो. अवघड भागातल्या संदेशातून सोप्या भागातला वजा केला की उरतो तो स्मृतीचा म्हणता येईल असा हिस्सा. तोसुद्धा एका माणसात नीट दिसेल याची खात्री नसते.

मी बघते ते डोकं हलतंय का. एक मिलिमीटर म्हणजे पुष्कळ. खोकला आला, पाय ताणला, ढेकर आली की आलेखावर लगेच उसळी दिसते.

एन-बॅक झाल्यावर दुसरी परीक्षा, आणि माझा जीव हिच्यात जास्त आहे. एकामागून एक दृश्यं येतात : स्वयंपाकघर, टेकडी, जिना, बंदर. प्रत्येक दृश्य घरातलं की बाहेरचं एवढंच बटणानं सांगायचं. मध्ये काही वेळ नुसती अधिकची खूण. नंतर जुनी आणि नवी दृश्यं मिसळून येतात आणि हे पाहिलं होतंस का, असं विचारलं जातं. पहिल्या फेरीत त्याला स्मरणशक्तीवर जोर देण्याचं काहीच कारण नसतं, तरी मेंदू नोंदी करत असतोच. त्या नोंदी करण्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. कानांच्या पातळीवर, मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना असलेला हा छोटा भाग आहे.

तासाभरानं तो बाहेर आला आणि म्हणाला, "दोन पावलं मागचे आकडे मी मध्येच चुकलो." मी म्हटलं, सगळेच चुकतात. हे धीर देण्यासाठी नव्हतं, खरंच सगळे चुकतात.

साडेबारा

डबा उघडला आणि सोलापूरहून आत्याचा फोन आला. तिकडे सहा वाजलेले.

"कामात आहेस का गं?"

"नाही, जेवतेय. बोल."

तिच्या मुलाला, माझ्या आतेभावाला, विशी ओलांडल्यावर स्किझोफ्रेनिया झाला. आता तो औषधांवर स्थिर आहे, एका दुकानाचा हिशेब बघतो. सुरुवातीची वर्षं घरात आजाराचं नावसुद्धा कोणी काढत नसे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ साली आला, त्यात अतुल कुलकर्णींनी केलेला शेष पाहून आल्यावर आत्यानं पहिल्यांदा शेजारणीला मुलाच्या आजाराचं नाव सांगितलं. आज फोन होता तो धाकटीबद्दल, त्याच्या बहिणीबद्दल. लग्न ठरत आलंय.

"मुलाकडच्यांना दादाचं सगळं सांगितलंय आम्ही. लपवलं नाही काही. पण त्यांच्या ओळखीतला कोणी म्हणाला, हल्ली थुंकीवरून टेस्ट होते. ती करून रिपोर्ट दाखवा म्हणतात. तू तेच काम करतेस ना? मग तूच करून दे की."

मी डबा बाजूला ठेवला. आत्याला मी जे सांगितलं ते इथे जरा विस्तारानं लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

स्किझोफ्रेनियाचं एक जनुक नसतं. २०१४ साली जगभरच्या गटांनी मिळून सुमारे ३७ हजार रुग्णांची आणि १ लाख १३ हजार इतरांची जनुकं ताडून पाहिली, त्यात कार्डिफचे संशोधक पुढे होते. जनुकसंचातल्या, आजाराशी निगडित अशा १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये रुग्ण ७६,७५५ झाले आणि जागा २८७. यातल्या बहुतेक जागा धोका किंचित वाढवतात. त्या आणि त्यांच्याखालच्या हजारो जागांची वजनं घालून बेरीज करायची, तो गुणांक. स्किझोफ्रेनियाकडे असणाऱ्या कलाचे जे फरक माणसामाणसांत दिसतात, त्यांतला हा गुणांक उलगडतो तो जेमतेम सात टक्के. लाखभर लोकांच्या अभ्यासात ही मोठी गोष्ट आहे. एका मुलीच्या लग्नात ती काहीच सांगत नाही.

"म्हणजे आकडा वर आला तर होईलच असं नाही?"

"नाही. आणि खाली आला तर होणारच नाही असंही नाही."

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. हे गुणांक बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवरून बांधलेले आहेत. पूर्व आशियातल्या लोकांची भर आता पडली आहे, पण आपल्याकडच्या लोकांचं प्रमाण फार थोडं. जागांची वजनं एका लोकसमूहात काढायची आणि दुसऱ्यात लावायची, यात अचूकपणा पुष्कळ घटतो. सोलापूरच्या मुलीच्या लाळेवर कोणी असा आकडा छापून दिलाच तर तो कागद दिसायला रिपोर्ट असेल, इतकंच. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये एकाच घरात अनेकजण आजारी असलेल्या कुटुंबांचा अभ्यास चाललाय. असं काम वाढायला हवं आणि त्यात महाराष्ट्रातली घरं हवीत.

मग आत्याला आकडे हवे होते, तेही दिले. लपवण्यात अर्थ नाही. साधारणपणे शंभरातल्या एकाला हा आजार आयुष्यात कधीतरी होतो. सख्खं भावंड आजारी असेल तर शंभरातल्या आठ-नऊ जणांना, आणि मामा किंवा काका आजारी असेल तर भाच्या-पुतण्यांपैकी शंभरातल्या तीन-चारांना. म्हणजे धाकटीला पुढे मूल झालं तर शंभरात शहाण्णव वेळा त्याला हा आजार होणार नाही. तंतोतंत सारखी जनुकं असलेल्या जुळ्यांतसुद्धा एकाला असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास, पुरी नाही.

"टेस्ट मागितली तर सांग, अशी टेस्ट नाही. पटलं नाही तर मला फोन द्या, मी बोलते त्यांच्याशी."

"बोलशील? इंग्रजीत नको गं."

"मराठीतच बोलेन, आत्या."

जेवण निवालं होतं. ही टेस्ट मागणारी माणसं दुष्ट नाहीत, घाबरलेली आहेत. त्यांच्या भीतीवर रिपोर्ट विकणाऱ्यांचा मला राग येतो.

दोन

सकाळच्या मुलाचा डेटा उतरवला. डोकं दोनदा हललं होतं, पण मर्यादेत. पायपलाइन लावून दिली. चित्रांची हालचाल दुरुस्त करायची, सगळ्यांचे मेंदू एका साच्यात बसवायचे, थोडे पुसट करायचे. यंत्र काम करत असताना मी जुने शोधनिबंध काढून बसते. दुपारी दोन ते चार हा माझा इतिहासाचा वेळ.

१९८६ साली अमेरिकेत डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना पत्ते लावण्याची एक बौद्धिक परीक्षा दिली आणि त्या वेळी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. कपाळामागचा वरचा-बाहेरचा भाग निरोगी लोकांत जेवढा कामाला लागतो तेवढा रुग्णांत लागत नव्हता. पण यात एक गोची आहे आणि ती अजून सुटलेली नाही. जो माणूस परीक्षेत मागे पडतो, हताश होतो, प्रयत्न सोडतो, त्याचा हा भाग शांत होणारच. मग शांतता हे कारण की परिणाम? शिवाय अनेक वर्षांची औषधं, इस्पितळातले मुक्काम, तुटलेली झोप, सिगारेटी, हे सगळं त्या चित्रात मिसळलेलं असतं.

म्हणून नजर भावंडांकडे वळली. जोसेफ कॅलिकॉट यांनी २००३ मध्ये रुग्णांच्या निरोगी भावंडांना एन-बॅक दिली. माझ्या धाकट्या आतेबहिणीसारखी ही माणसं : भाऊ आजारी, स्वतः ठणठणीत, औषध नाही, परीक्षेत इतरांइतकेच गुण. तरीही कपाळामागच्या त्या भागाची हालचाल नेहमीपेक्षा जास्त. एकाच घाटातून दोन एसट्या एकाच वेळेला माथ्यावर पोचाव्यात आणि एकीचं डिझेल जास्त जळावं, तसं. परीक्षेचे गुण सारखे असल्यामुळे हताशपणाचा मुद्दा उरत नाही, औषधांचाही नाही. उरतो तो बहुधा वारशाचा भाग. वाचताना मला अजूनही हुरूप येतो.

त्याच्या दोन वर्षं आधी, २००१ मध्ये, याच मंडळींनी डोपामिनचं विघटन करणाऱ्या सीओएमटी या एका जनुकातल्या एका अक्षराचा संबंध या भागाच्या कार्यक्षमतेशी जोडला होता. पुढची दहा वर्षं त्या अक्षरावर निबंधांची रीघ लागली, बहुतेक थोड्याशा माणसांवर केलेले. २०१४ च्या १०८ जागांच्या यादीत सीओएमटी नव्हतं. माझ्या मते प्रश्न योग्य होता, पण एका जनुकावर ठेवलेली आशा अवाजवी होती आणि नमुने फार लहान होते. याउलट झेडएनएफ८०४ए हे जनुक २००८ मध्ये इथल्या कार्डिफच्या गटानं पुढे आणलं. पुढच्याच वर्षी मानहाइममध्ये त्यातलं एक अक्षर बदललेलं असलेल्या निरोगी जर्मनांना एन-बॅक दिल्यावर दिसलं की कपाळामागचा भाग आणि हिप्पोकॅम्पस यांच्यातला ताळमेळ वेगळा आहे. मेंदूतला एखादा ठिपका किती पेटला याच्यापेक्षा दोन भाग एकमेकांशी कसे बोलतात, याकडे या निकालानं लक्ष वेधलं. मला हे वळण जास्त मोलाचं वाटतं.

चार

साप्ताहिक बैठक. आज बाल्टिमोरच्या लीबर इन्स्टिट्यूटचा २०१८ चा निबंध पुन्हा काढला होता, कारण आमची दृश्यांची परीक्षा त्याच धाटणीची आहे. तिथे एका जनुकाऐवजी पूर्ण गुणांक घेतला. दृश्यं मनात नोंदवताना, ज्यांचा गुणांक जास्त त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या भागातली हालचाल सरासरीनं कमी निघाली, आणि हे निरोगी लोकांत निघालं. नवीन नमुन्यांतही ते पुन्हा पडताळलं गेलं. एकदाच लागलेल्या निकालावर मी भाळत नाही, पुन्हा लागला की कान टवकारते.

एका विद्यार्थ्यानं विचारलं आणि बरोबर विचारलं : एन-बॅकमध्ये हालचाल जास्त तर ती अकार्यक्षमता, दृश्यांच्या परीक्षेत हालचाल कमी तर तीही कमतरता. मग काहीही निघालं तरी आपण आजाराच्याच बाजूनं अर्थ लावणार का? बैठक त्याच प्रश्नावर तासभर रंगली. माझं म्हणणं असं की अर्थ निकालाआधी ठरवायचा. परीक्षेतले गुण समान असतील तर कुठल्या भागात, कुठल्या दिशेनं फरक अपेक्षित आहे, हे यादीचं कुलूप उघडण्याआधी लिहून ठेवायचं. डोक्याच्या हालचालीचा प्रश्नही निघाला. गुणांक जास्त असलेले लोक स्कॅनरमध्ये थोडे जास्त हलत असतील तर आपला फरक स्मृतीचा की मानेचा? त्यामुळे दोन्ही टोकांच्या लोकांची हालचाल वेगळी तपासायची, हे ठरलं. नमुना अजून मोठा हवा हे सगळ्यांनाच मान्य आहे. मेंदूची चित्रं आणि माणसांमाणसांतले फरक जोडायला हजारो लोक लागतात, असं २०२२ साली 'नेचर'मधल्या एका निबंधानं दाखवल्यापासून एका केंद्राच्या ताकदीवर कोणी फार मोठ्या गोष्टी करत नाही. आम्ही इतर केंद्रांबरोबर एकच परीक्षा, एकच सूचना, एकच वेळापत्रक ठरवतोय.

रात्री साडेआठ

घरी येऊन खिचडी टाकली आणि पूर्वनोंदणीचा मसुदा उघडला. यात काय मोजणार, कुठे मोजणार, कोणाला वगळणार, हे आधी जाहीर करायचं असतं. मुख्य जागा दोनच घेतल्या : दृश्यं नोंदवताना हिप्पोकॅम्पस आणि अवघड एन-बॅकमध्ये कपाळामागचा भाग. त्या दोघांमधला ताळमेळ तिसरा. बाकीच्या मेंदूत काही सापडलं तर ते सापडलं म्हणून सांगायचं, पण सिद्ध झालं म्हणून नाही. वय, लिंग, वंशाचे घटक, डोक्याची हालचाल आणि परीक्षेतले गुण हिशेबात धरायचे. फरक शून्य निघाला तरी तो छापायचा, हे कलम बैठकीत एकमतानं आलं होतं.

एक कलम मी स्वतःहून घातलं. गुणांक आणि मेंदूची हालचाल यांचा आलेख छापताना प्रत्येक माणसाचा ठिपका दाखवायचा, नुसती सरळ रेष नाही. रेष पाहिली की वाचकाला वाटतं, गुणांक वाढला की हालचाल ठरावीकच बदलते. ठिपके पाहिले की दिसतं की दोन्ही टोकांची माणसं एकमेकांत किती मिसळलेली आहेत : जास्त गुणांकाच्या कितीतरी लोकांचा हिप्पोकॅम्पस कमी गुणांकाच्या लोकांपेक्षा जोमानं काम करत असू शकतो. निबंधाच्या सारांशातच हेही लिहायचं की हा फरक सरासरीचा आहे आणि यावरून कोणाही एकाचं निदान करता येत नाही. सहकाऱ्यानं शेरा मारला की सारांशात एवढी जागा नसते. मी पद्धतीच्या वर्णनातली दोन वाक्यं काढून जागा केली आणि मसुदा सगळ्यांच्या सहीसाठी पाठवून दिला.